महालक्ष्म्यांच्या जेवणाची वीस मिनिटं

ते घर आठवलं की आजही आधी धुपाचा धूर दिसतो आणि त्या धुरातून महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे. भादव्यातली दुपार होती. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि मी इतवारीतल्या एका घरी मोहनमाळेच्या चोरीचा पंचनामा करायला गेलो होतो.

घरमालक गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांच्या मागच्या दाराला पूर्वी चोरघंटा होती. मांजर गेलं तरी ती सारी गल्ली उठवायची. त्या उन्हाळ्यात ती काढून त्यांनी घर ‘स्मार्ट’ करून घेतलं: बोटाने किंवा बोलून उघडणारी कुलपं, कॅमेरे, आपोआप सरकणारे पडदे. आम्ही बोलत असतानाच खिडकीचा पडदा हळूच सरकला, दिवे मंद झाले, आणि क्षणभर आपण झोपेत आहोत की काय असं मला वाटलं.

आमच्याकडे नैवेद्य दाखवला की देवींसमोरचा पडदा ओढून सगळे बाहेर जातात. त्यांना निवांत जेवू द्यायचं. नेमक्या त्याच वीस मिनिटांत कॅमेरा बंद झाला होता आणि मागचं दार उघडून पुन्हा लागलं होतं. फोनमधल्या नोंदीत एवढंच कळत होतं, की हुकूम स्वयंपाकघरातल्या, आवाज ऐकणाऱ्या डब्याला कोणीतरी बोलून दिला. पडदा बाजूला केला तेव्हा थोरल्या देवीच्या गळ्यात माळ नव्हती.

“साहेब, हे सारं ज्यानं बसवलं तोच चोर,” काकाजी म्हणाले. “जेवाले बोलावलं होतं त्याले, आन् त्यानं हे केलं!”

तो पस्तिशीचा इलेक्ट्रिशियन. बाजूच्या खोलीत बसवून मी तासभर त्याला उलटसुलट विचारलं. घामाने थबथबला होता. “मी काहून घेऊ साहेब? लोकं माह्या भरवशावर घर सोडून जाते. एकडाव ठाण्यात बसलो, की कोणी उंबरठा चढू देणार नाही. लेकरं काय खातीन?”

असं रडगाणं मी हजारदा ऐकलेलं. ठाण्यात फोन करून गाडी मागवली. खरं सांगतो, मनातून मी त्याला चोर ठरवूनच टाकलं होतं.

गाडी येईपर्यंत देवींसमोर टेकलो. पोटात कावळे ओरडत होते, धुपाने डोळे मिटत होते. समोर सोळा भाज्यांची दोन ताटं. एक जसंच्या तसं. दुसऱ्यातली पुरणपोळी, आंबील, सगळं संपलेलं. “महालक्ष्मी जेवून गेली!” म्हणत पाहुण्या बायका हात जोडत होत्या. मीही जोडले. मग नजर ताटाच्या कडेला गेली. कारल्याच्या फोडी वेचून नीट बाजूला काढून ठेवल्या होत्या.

अहो, देवी कशाला कारलं टाकेल?

“काकाजी, तुमच्या घरात कारलं कोण खात नाही?”

काकाजी पांढरेफटक पडले. “पोरगी,” म्हणाले. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनी तिला घर बंद केलं होतं.

त्यांच्या पत्नी, काकू, दारातून पुढे आल्या. “त्या गरिबाले सोडा साहेब. सांगायची हिंमतच होत नव्हती. मीच बोलली त्या डब्याले. माळ माह्या आईची होती, पोरीले देल्ली.” मग नवऱ्याकडे वळल्या. “घंटा होती तवर दरसाली गल्लीतूनच हात जोडून जात होती. यंदा बिनआवाज दार उघडलं, पोटभर जेवली. देव्या माहेराले येते म्हणता, मंग माही पोर काहून नाही?”

स्वतःची वस्तू स्वतःच्या लेकीला दिली, त्यात गुन्हा कसला? गाडी परत पाठवली, ‘तक्रार नाही’ असं काकाजींकडून लिहून घेतलं. पण माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं चोरीच्या घरी गेलो की कोण येतं-जातं, एवढंच विचारत आलो. या घरात कोण येत नाही, हे विचारायची अक्कल निवृत्तीच्या तोंडावर आली.

निघताना पाहिलं, तर काकाजी मागच्या दाराशी त्या इलेक्ट्रिशियनसमोर हात जोडून उभे होते. “चुकलं गा माह्यं.” त्याने ते हात धरून खाली घेतले. मग काकाजींनी कुलपाकडे बघत विचारलं, “याच्यात पोरीचं बोट टाकायचं असंन तर?”

“तिले इथं यावं लागंन, काकाजी.”

काकाजींनी बायकोला हाक मारली. “ऐकलं काय वं? बोलाव तिले. पुढच्या दारानं ये म्हणा.”