एका चुलीचा दाखला

खोटं बोललो तर जिभेला फोड येवो, हे सगळं अक्षरशः खरं आहे. म्हणजे बरंचसं. (फोड आलाय एक, पण तो चहाचा.) बोईसरला आमचा रंगाचा कारखाना आणि मी पर्सोनेल ऑफिसात क्लार्क. तिथं अर्ज साचत तसे किस्सेही साचत. अर्ज निदान फाइलला लावता येतात, किस्से पोटातच राहतात आणि म्हातारपणाआधी बाहेर काढावे लागतात.

*

डोंगराकडच्या गावांत रीत अशी की जोडपं आधी नांदायला लागतं, लग्न मागाहून, सवडीनं. कधी कधी बाप आणि लेक एकाच मांडवात उभे!

आमचे दामले साहेब पुण्याहून नवीन आलेले. फॅमिली क्वार्टर हवा तर लग्नाचा दाखला आणा म्हणत. एका फिटरनं सांगितलं, "लगीन पुडल्या सालाला, सायेब. पोरीच्या लग्नाबरोबर उरकून घेऊ."

"कुणाच्या पोरीच्या?"

"आमच्याच."

साहेबांनी पाणी मागवलं. आठवड्यानं नवा नियम निघाला: लग्नाचा दाखला नसल्यास सरपंचाचं पत्र चालेल, की 'खालील दोन व्यक्ती एका चुलीवर जेवतात.' खात्री मात्र घरी जाऊन केली जाईल. टाइप मीच केलं. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं, पुढं काय होणार!

*

भालू आमच्या कॅन्टीनचा आचारी, तारापूरकडच्या किनाऱ्यावरचा. जान्या बॉयलरवर, वाणगावच्या पुढच्या डोंगराकडचा. सरावलीच्या एका खोलीत दोघं बारा वर्षं राहत होते. त्यांना कुणी काही विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

एकदा तक्रार आली: जान्याच्या ताटात बोंबील दोन, बाकीच्यांच्या ताटात एक. साहेबांनी भालूला बोलावलं.

भालू म्हणाला, "साहेब, तुमच्या बाई तुमाला मोजून वाढतात काय?"

साहेबांनी जरा विचार केला. "हो."

"मंग आमचं बरं चाललंय म्हनायचं."

*

मग एके दिवशी मासे साफ करायला पसरलेल्या पेपरात भालूला बातमी दिसली. डेन्मार्क नावाच्या देशात म्हणे दोन पुरुष सरकारदरबारी जोडीनं नाव नोंदवू शकतात. त्यानं खवले झटकले आणि बाकावर चढून ती कॅन्टीनभर वाचून दाखवली.

वॉचमन पांडेजींनी विचारलं, "ये डेनमार्क विरार के इधर है, कि उधर?"

जान्यानं भात कालवता कालवता विचारलं, "तिथं बॉयलर हाय का?"

"असंल."

"मंग काम मिलंल. पन भात?"

"मी काय मेलोय?" भालू म्हणाला.

*

डेन्मार्क लांबच राहिलं, पण खोलीच्या मालकानं नोटीस दिली. चाळ पाडायची होती, दिवाळीच्या आत खोली सोडायची होती. कंपनीच्या बॅचलर होस्टेलात बॉयलरवाले एका टोकाला आणि कॅन्टीनवाले दुसऱ्या. म्हणजे बारा वर्षांनी दोघांची ताटातूट.

चार दिवसांत जान्या आपल्या गावच्या सरपंचांना घेऊन ऑफिसात हजर. हातात फॅमिली क्वार्टरचा अर्ज, सोबत पत्र, पत्रावर दोघांची नावं.

"अहो सरपंच," साहेब म्हणाले, "हे दोघेही पुरुष आहेत."

"तुमी चूल इचारली, सायेब. चूल एकच हाय. बाजाराला आलो का मीच जेवतो तिच्यावर."

"हे डेन्मार्क नाही!"

"नसंल. पन सही माजी हाय."

साहेबांनी स्वतःचाच नियम तीनदा वाचला. पुरुष, बाई असं काही त्यात लिहिलेलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "एक चूल डोळ्यांनी बघेन, मग बोलू."

*

रविवारी साहेब न सांगता सरावलीला गेले. बघतात तर स्टोव्ह दोन! आतल्यावर भालूचं कालवण, दाराबाहेर ओट्यावरच्या स्टोव्हवर जान्याचा भात. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

भालू म्हणाला, "साहेब, त्याला सांगा, परवा मीठ बरोबर होतं."

साहेबांनी ओट्यावर जाऊन सांगितलं.

जान्या म्हणाला, "सायेब, त्याला सांगा, दर्यावर वाढला म्हून सगला दर्या टोपात वतायचा नसतो."

साहेबांनी आत येऊन तेही सांगितलं. असे पाच फेरे झाले. सहाव्याला भालूनं निरोपाऐवजी कालवणाची वाटी उंबऱ्यावर ठेवली. जान्यानं न बघता ती ओढली, चाखली आणि म्हणाला, "सायेब, त्याला सांगा, आज बरं हाय."

साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवून शेरा लिहिला: 'चुली दोन. तीन दिवसांचा अबोला, निरोप तिसऱ्याकरवी. माझ्या लग्नाला चौदा वर्षे झाली. यापेक्षा मोठा पुरावा नको. क्वार्टर द्यावा.'

दिवाळीआधी भालू आणि जान्या क्वार्टरात गेले. सामानात स्टोव्ह दोन.

आता कबुली. मीठ खरं, सरपंच खरे, डेन्मार्कही खरं. खोटं एवढंच की त्या रविवारी साहेब पुण्याला होते. सरावलीला मी गेलो होतो, चौदा वर्षंही माझीच. सही मात्र अगदी त्यांच्यासारखी जमली.