धुकं आलं की बसायचं

कोणालाही पठारावर नेण्याआधी चांगुणाआत्या त्याला आपल्या ओटीवर बसवायची आणि विचारायची, "आज तू परतली नायस, तर पयलं कोणाच्या ध्यानात येईल?" उत्तर मिळाले की म्हणायची, "मग त्याला सांगून आलीस ना? मला सांगून काय उपयोग? मी तर तुझ्यासंगंच असणार." आमच्यातल्या एकीने घरी 'लायब्ररीत जाते' असे सांगितले होते. आत्याने तिला खांब गावच्या थांब्यावर नेऊन परतीच्या एस.टी.त बसवले.

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. पेणपलीकडच्या आमच्या मिठागराच्या गावातून कॉलेजात गेलेल्या मुली दोनच, मी आणि नलिनी. भाद्रपदात पठारावरची फुले गोळा करायला सरांनी आम्हा पाच जणींना आत्याच्या हवाली केले. आत्या शेतकरीण. भात आणि वाल पिकवायची, आणि उरलेल्या दिवसांत पठारावर गवत कापायची. कमरेला विळा, डोक्यावर इरले. "दमणारी पुढं चालंल," तिने चढणीलाच सांगितले. "मागं राहिली तर कळायची नाय." आम्ही हसलो, तर म्हणाली, "हसा गो. वर गेल्यावर हसायला दम ऱ्हायला तर बघू."

पठार सपाट आणि गुडघाभर गवताचे. दुपारी फुले बघता बघता समोरचे झुडूप दिसेनासे झाले. आत्या ओरडली, "बसा! धुकं आलं की बसायचं. उभं ऱ्हायलं की पाय चालतात." आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि मोजले. आत्या धरून पाच जणी हव्या होत्या, चौघीच होतो. नलिनी आडोशाला गेली होती.

मी जिवाच्या आकांताने हाका मारू लागले. "नले! ए नले! इकडे ये!" किती वेळ मारल्या, आठवत नाही. एकदा अगदी बारीक 'ओ' ऐकू आली. मी धावायला उठले, तेवढ्यात आत्याने माझा हात धरून मला खाली ओढले आणि दुसरा तळहात माझ्या तोंडावर दाबला.

"ती कुठली गो?"

"माझ्याच गावची," मी तिचा हात बाजूला करून म्हणाले. "खाडीकडची."

"तुमच्याकडं वाट चुकली तर काय करतात?"

"पाण्याच्या कडेने चालतात. ते खाडीला जातं, तिथून बांध दिसतो, गाव येतं."

आत्याने कमरेचा विळा काढला. मग म्हणाली, "हितलं पाणी कड्यावरनं खाली पडतं."

मी पुन्हा तोंड उघडले. "गप! मी येईस्तोवर कोणी आवाज काढायचा नाय. उठायचं नाय." विळ्याने गवत कापत ती धुक्यात शिरली. कापलेल्या पट्ट्यावरून तिला परत यायचे होते. विळ्याची करकर दूर गेली, मग तीही थांबली. नलिनी एकटी मरते आहे आणि ही बाई मला तिचे नावसुद्धा घेऊ देत नाही, असे वाटून मला आत्याचा भयंकर राग आला.

खूप वेळाने दोघी आल्या. नलिनीच्या अंगभर चिखल होता, एका पायात चप्पल नव्हती. आत्याने कड्याच्या तोंडाशी गवतात सरपटत जाऊन तिचा घोटा धरला होता. हाक मारली नव्हती.

संध्याकाळी आत्याच्या चुलीपुढे चहा घेताना नलिनीने माझा हात घट्ट धरला. "तू हाका मारत होतीस ना, म्हणून धीर होता. पाणी पुढे वाजत होतं आणि तुझा आवाजही पुढूनच येत होता. मी तुझ्याकडेच चालले होते."

आम्ही तर तिच्या मागे होतो. पलीकडच्या डोंगरावर आपटून माझा आवाज तिला दरीतून ऐकू जात होता.

मी कप खाली ठेवून म्हणाले, "नले, अगं..." आत्याने फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली. मग नलिनीला म्हणाली, "व्हय गो, मैतरीण असावी तर अशी. चहा पी, निवतोय."

आत्या पुढे काही वर्षांनी साध्या तापाने गेली. नलिनी अजून आपल्या मुलींना सांगते की मावशीच्या हाकांनी मला वाचवले. मुली माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी गप्प राहते. खरे काय ते आता मला एकटीलाच ठाऊक आहे.