सोकचो: डोंगर त्याला, समुद्र आम्हाला

माझा नवरा अजित जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. सुट्टीवर घरी आला की त्याला समुद्र नको असतो. "समुद्र बघायला मी तिकीट काढू?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला आणि तेरा वर्षांच्या रेवाला मात्र थंडीतला समुद्रकिनारा बघायचा होता, कारण सिंगापुरात थंडी फक्त मॉलमध्ये मिळते. म्हणून सोकचो. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं शहर, आणि सिटी बसने जाण्याइतक्या अंतरावर सोराकसानचे डोंगर. नोव्हेंबरात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही निघालो.

सोबत एक न सुटलेला प्रश्नही होता. अजितला सिंगापुरातच किनाऱ्यावरची नोकरी चालून आली होती. ऑफिस जुरोंग ईस्टला, रोज संध्याकाळी घरी. उत्तर परतल्यावर सोमवारी द्यायचं होतं. मला काय हवंय ते मी त्याला सांगितलं नव्हतं. तुझ्यामुळे जहाज सोडलं, असं पुढे कधी ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

इंचॉनला उतरून ट्रेनने सोल गाठलं. (वॉनमधली शेवटची तीन शून्यं झाकली की साधारण सिंगापूर डॉलर मिळतात. हिशेब सोपा आहे.) एक्सप्रेस बस टर्मिनलवर मी ऐटीत मोबाइल उघडला, आणि बसची तिकिटं निघाली दोन! विमानाची अजितने काढली होती म्हणून तीन होती. बस आणि राहायच्या जागेचं बुकिंग माझ्याकडे होतं. जहाजावरच्या माणसांच्या बायका हसतील, पण त्यांना कळेल. वर्षातले बरेच महिने घरात आम्ही दोघीच असतो, बोट आपोआप दोनवर जातं.

"आई, टू ओन्ली? देन बाबा हाऊ?" रेवाने विचारलं.

"बाबा सामानात," अजित म्हणाला आणि हसला.

नशिबाने एक सीट शिल्लक होती, पार मागे. तिकीट वीस डॉलरच्या आसपास, वेळ अडीच-तीन तास, वाटेत बोगदेच बोगदे. मी दोनतीनदा वळून पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मला कसंसंच झालं.

गेस्ट हाउसचं बुकिंगही अर्थात दोघींचंच. मालकीणबाईंनी आमच्याकडे बघून तीन बोटं वर केली, मी मान डोलावली, आणि त्यांनी कपाटातून तिसरी गादी काढून दिली. थोडे जास्तीचे वॉन घेतले, बस. तिथे जमीनच खालून तापवलेली असते, त्यामुळे पलंग नसल्याचं काही वाटत नाही. "इथेही?" अजितने एवढंच विचारलं. या वेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या बसने सोराकसान. केबल कारची तिकिटं आगाऊ मिळत नाहीत आणि जोराचा वारा असला की ती बंद ठेवतात, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. रेवाचं तोंड फुगलं. मग पायथ्याच्या देवळाजवळच्या मोठ्या बुद्धाला नमस्कार करून आम्ही ओढ्याकाठच्या वाटेने चालत राहिलो. पानं गळून गेली होती, वर नुसते उघडे कातळ. अजित खुशीत होता. खाली येऊन रानभाज्यांचा भात खाल्ला. अंडं नको असेल तर आधीच सांगावं लागतं. आम्ही सांगेपर्यंत ते वर येऊन बसलं होतं.

संध्याकाळी बाजारात रेवाने सिंगापुरी शिरस्त्याप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली आणि आम्ही गोड-तिखट तळलेलं चिकन आणायला गेलो. आम्ही पाकीट विसरलो असं समजून दुकानातल्या मावशी ते घेऊन आमच्या मागे धावत आल्या. परत गेलो तर टेबलावर भलतंच कुटुंब जेवत होतं.

तिसऱ्या दिवशी आबाई नावाच्या वस्तीकडे गेलो. मध्ये छोटी खाडी आहे आणि ती ओलांडायला एक सपाट नाव. तिला इंजिन नाही. या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी दोर आहे, लोखंडी आकड्याने तो ओढायचा, की नाव सरकते. उतारूंनीही ओढायचा.

"इंजिनच नाही? मग माझं काम काय?" अजित म्हणाला, तोवर नावाड्याने त्याच्या हातात आकडा दिलासुद्धा. तो आणि रेवा ओढत राहिले. पलीकडे उतरलो, आणि दोघं पुन्हा एक फेरी मारून आले. तिकीट अगदी किरकोळ आहे, मनसोक्त फेऱ्या मारा. त्याचा चेहरा चांगलाच फुललेला होता. हा परत जहाजावर जाणार, मला वाटलं.

पलीकडच्या वाळूत रेवा शिंपले शोधायला लागली, तेव्हा मी बोलून टाकलं. "ती नोकरी घे. मला तू रोज घरी हवा आहेस."

"बसमध्ये मागे बसलो होतो ना, तेव्हा तेच डोक्यात होतं," तो म्हणाला. "तुमची दोघींची घडी छान बसलेली आहे. मी आलो की ती मोडते."

"मोडते. मोडू दे!"

त्याने माझा गारठलेला हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला. नोकरीचा विषय मात्र तिथेच राहिला.

आता सिंगापुरात, यिशुनच्या घरी, पंख्याखाली बसून हे लिहितेय. सोकचोला जायचं असेल तर जरूर जा. केबल कारसाठी एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा आणि वाऱ्यासाठी कानटोप्या न्या. डोंगराचे फोटो बरे आलेत. समुद्राचे फारसे काढलेच नाहीत.

सोमवारी सकाळी अजितने होकार कळवला आणि रेवाला बोलावून सांगितलं.

"सो नॉट गोइंग बॅक टु शिप? माय बर्थडे यू आल्सो हिअर?"

"हो."

"एव्हरी इयर?"

"दरवर्षी."

ती दारातच उभी राहिली. घरात आमच्याशी इंग्रजीच बोलणारी आमची मुलगी मग मराठीत म्हणाली, "नक्की ना, बाबा?"

अजितने मान डोलावली.