जपानचा खासदार आणि माझ्या गळ्यातला दुपट्टा

तुमच्या संघटनेचा अध्यक्ष सभेत निवडला गेला, की कुणाच्या तेरवीत?

मी तेरवीतला आहे. आणि आमच्या संघटनेच्या अचलपूरच्या मेळाव्यात याच गोष्टीची टिंगल करून मी टाळ्या घेतल्या होत्या. विषय होता जपानच्या संसदेतला एक सदस्य. बाप खासदार, म्हणून हा बँकेची नोकरी सोडून बापाचा सचिव झाला. बाप वारला तेव्हा समर्थक, कचेरी, प्रचाराची गाडी, सगळं याच्याकडे आलं. पांढरे हातमोजे घालून हात हलवत तो निवडून आला, पुढे मंत्रीही झाला. अशा निवडणुकीला तिकडे शोकाची लढाई म्हणतात. "मतदारसंघ म्हणजे सातबारा नाही, की बाप गेला आणि पोराचं नाव चढलं," मी गरजलो. हे वाक्य आम्ही पत्रकावरही छापलं.

पुढे बाबा गेले. ते आमच्या भाजी उत्पादक संघटनेचे अध्यक्ष. ते अंथरुणावर होते तेव्हा संघटना आमच्यातल्याच एका कार्यकर्तीने, हिवरखेडच्या काकूंनी चालवली. बाजारात अडत्यांशी भांडायला त्याच उभ्या राहायच्या; मी पत्रकं लिहायचो.

तेरवीला रिवाजाप्रमाणे मामांनी माझ्या डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला. लगेच एका जुन्या कार्यकर्त्याने संघटनेचा हिरवा दुपट्टा पुढे केला. "बापाची जागा पोरानंच घ्या लागते. मान वाकव, बाबू."

मी वाकवली. दुःखात होतो, असं लोकांना सांगतो. पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

काकू पंगतीत बुंदी वाढत होत्या. माझ्या पानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुह्या जपान्याले निवडणूक तरी लढा लागली. तुले तं खुर्ची बुंदीसंगंच भेटली."

"काकू, मी कुठं मांगतली? त्याइनंच दुपट्टा टाकला."

"मंग तोंड नोतं का तुले? भाषनात तं लय मोठं होतं." आणि त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

अजून अध्यक्ष मीच आहे. पहाटे लिलावाला काकू जातात, पेपरातल्या फोटोत मी असतो. मध्यंतरी राजीनामा दिला, तो कार्यकारिणीने हसून परत केला, आणि मी मुकाट्याने खिशात घातला. त्या दिवसापासून काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

सभासदांनो, येत्या रविवारी अकोल्याला आपली वार्षिक सभा आहे. अध्यक्षपदासाठी माझं नाव कुणी सुचवलं तर गप्प बसू नका. काकूंचं नाव घ्या आणि हात मोजायला लावा. आग्रह झाला की मी नाही म्हणेन, असा भरवसा माझ्यावर ठेवू नका.