खारकर सरांच्या हातातला कापसाचा बोळा

हाडांचे सर्जन असलेल्या खारकर सरांची माझी ओळख कल्याणच्या एका रुग्णालयात झाली, तीही त्यांनी मला अडवलं म्हणून. मी नवखी भूलतज्ज्ञ. मोहन्याच्या एक मावशी मोरीत घसरल्या होत्या, दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं होतं. हात बधिर करायला मी सुई उचलली, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा मॅडम, आधी मला विचारू दे." त्यांनी कापसाचा बोळा मावशींच्या दंडाला बाहेरच्या बाजूने टेकवला. "कळतंय?" खांदा उचलणारी नस त्या हाडाला खेटूनच जाते. ती शाबूत आहे का, हे सुई दिल्यावर विचारून उपयोग नसतो.

"डॉक्टर, तुमाला भ्या नाय वाटत?" मावशींनी सरांना विचारलं.

"वाटतं ना. दर वेळी वाटतं."

पेशंटसमोर हे कशाला बोलायचं, म्हणून मी मनातल्या मनात चरफडले.

याच भीतीने सरांनी कित्येकांना सुरीपासून वाचवलं. वागळे इस्टेटमधले एक कारखानदार "प्लेट टाकाच" म्हणून हटून बसले होते. खांद्याचं हाड मोडलं होतं, पण जागेवरच होतं. सरांनी त्यांच्या गळ्यात झोळी अडकवली, व्यायाम शिकवले आणि घरी पाठवलं. रुग्णालयाचे मालक फुगून बसले. सर मात्र खुशीत दोन कटिंग चहा प्यायले.

गेल्या वर्षी मी कळव्याला आमच्या इमारतीच्या जिन्यावरून पडले. उजवा खांदा, हाडाचे चार तुकडे. पुन्हा सुई धरता येईल का, याखेरीज मला काही सुचेना. सरांनी बोळा टेकवला. कळलं, पण अगदी पुसट. मी विचारलं, "सर, भीती वाटते?"

"आज जरा जास्तच," ते म्हणाले.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा हात परक्यासारखा शेजारी पडला होता. बधिर करणाऱ्या औषधाचा अंमल उतरेपर्यंत असंच असतं, हे मी आजवर सगळ्यांना हसत हसत सांगत आले. त्या दुपारी माझाच माझ्यावर विश्वास बसेना. नस गेली असती तरी असंच वाटलं असतं. मी भयंकर घाबरले होते.

सर स्टूल ओढून बसले. "घरी जा, जेवून घ्या," म्हटलं तर म्हणाले, "तू गप्प पड गं." मधूनमधून बोळा टेकवायचे. "कळतंय?" "नाही." मग तो मुठीत धरून पुन्हा बसायचे.

दिवेलागणीला दंडाला काहीतरी गार लागलं.

"सर, बोळा ओला आहे?"

सरांनी मूठ उघडून पाहिली. तळहात घामाने डबडबला होता. ते खिडकीकडे वळले, आणि मी रडायला लागले.

आज तोच हात पुन्हा सुई धरतो. सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि आमच्यासाठी अशीच भीती त्यांना पुढेही वाटत राहो.