मधल्या भिंतीचं भोक

आमच्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या घरामधल्या भिंतीला भोक मी पाडलं. उंदरांनी नाही, पावसानं नाही, आणि आमचे मालक गावभर सांगतात तसं भूकंपानंही नाही. मी! दोन्ही हातांनी, पहारीनं, पूर्ण शुद्धीत.

झालं असं की सुनीतानं, म्हणजे माझ्या जावेनं, उन्हाळ्यात बाहेरच्या खोलीला फरश्या लावून घेतल्या. जमिनीला नव्हे, मधल्या भिंतीला! त्याही साध्या नाहीत. सगळ्या जोडल्या की धबधब्याचं चित्र होतं. आता आम्ही राहतो कुरवंड्यात. पावसाळ्यात मागचं दार उघडलं की खरे धबधबे दिसतात. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात आणि आमचीच वाट अडवतात. पण सुनीताला धबधबा घरात हवा! गावातल्या बायकाही खऱ्या धबधब्याकडं पाठ करून तिच्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "काय गं बाई, पानी हलल्यावानी वाटतंय!"

मी जळत होते असं नाही. फक्त त्या फरश्या लागल्यापासून मला जेवण जात नव्हतं.

तेही सोसलं असतं. पण गोष्ट गौरींवर आली. वाटणी झाल्यापासून गौरी आमच्याकडं बसतात, थोरल्याच्या घरी. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार बायकांत तोंड उघडायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो. वर्षातून ती एकच संध्याकाळ अशी असते की सगळं गाव माझ्या दारात येतं, आणि मी एक शब्द न बोलता नुसतं हळदीकुंकू लावलं तरी मान मिळतो. आणि एक दिवस आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी आमच्याकडं जेवतात, संध्याकाळी सुनीताकडं, आणि इकडचं तिकडं सांगतात) माझ्या भिंतीकडं बघत म्हणाल्या,

"औंदा गवरी कुटं बसवायच्या त्ये बगू. जिची भिंत बरी, तिच्याकडं. गवर काय पोपडं बगाय येती व्हय?"

"आत्याबाई, पर थोरलं घर..."

"गवरी यायच्या आदल्या दिशी सांजच्याला दोनी घरं बगीन आन् सांगीन. झालं!"

माझ्या भिंतीला पोपडे होते हे खरं. पण माझ्याकडं एक हत्यार होतं. मी खंडाळ्याला एका बंगल्यात भांडी-फरशीचं काम करते. तिथल्या बाईंनी भिंतीवरची एक जुनी काचेची फळी काढून मला दिली होती. लांब, जाड, खाली पिवळे दिवे लावलेली. ती पोपड्यांवर लावायची, वर गौरींचे मुखवटे, खालून दिवे! धबधबा पार वाहून गेला असता.

आमचे मालक त्याच बंगल्यात माळी आहेत. तिथली ड्रिल मशीन त्यांनी मागून आणली, कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "गनपती झालं की गवंडी यील. त्यो लावंल."

"गनपती झाल्यावर? तवर गवरी माघारी गेल्या असत्याल की वो!"

"मंग रविवारी म्या लावतो."

ह्यांचा रविवार मला माहीत आहे. आमच्या न्हाणीची कडी सात वर्षं ह्यांच्या रविवारची वाट बघतेय. (आम्ही अजून आत गेलो की मोठ्यानं खोकतो.)

म्हणून गौरी यायच्या आदल्या दिवशी, हे कामावर आणि सुनीता लोणावळ्याच्या बाजारात गेलेली बघून, मी पदर खोचला. बंगल्यात वायरमन ड्रिल कसं मारतो ते मी झाडता झाडता पाहिलं होतं. पण त्याची भिंत सिमेंटची. आमची मधली भिंत कच्च्या विटांची, आणि आषाढापासून पाणी प्यायलेली! मी बटण दाबलं. मशीन किंचाळली. मीही किंचाळले. सुई भिंतीत अशी गेली, जसं मळलेल्या पिठात बोट. स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी आत घातली, तर ती नळी भिंतीनं गोळीसारखी गिळली. दुसरी घातली. तीही गिळली. चौथ्या नळीनंतर माझ्या नळ्या संपल्या, भिंतीची भूक संपली नाही.

तेव्हा मला माझे वडील आठवले. आमचं माहेर आंदर मावळात. वडिलांनी जन्मात स्क्रू पाहिला नाही. पहारीनं भिंतीला भोक पाडायचं, हातभर लाकडी खुंटी ठोकायची आणि वर नांगर टांगला तरी हलायची नाही! मीही पहार काढली. आता, माहेरच्या भिंती दोन हात जाड होत्या. आणि ही भिंत वाटणीच्या वेळी दोन भावांनी एकमेकांकडं संशयानं बघत, विटा वाचवत उभी केलेली, एका विटेची. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण डोक्यात धबधबा होता.

पहिला घाव, माती. दुसरा घाव, माती. तिसऱ्याला ‘टण्ण’ झालं. मला वाटलं, दगड लागला. म्हणून चौथा घाव अंगातलं सगळं बळ एकवटून घातला.

खळ्ळकन आवाज आला. भिंतीतून गार वारा आला. उजेड आला. आणि त्या उजेडात आत्याबाईंचं तोंड दिसलं.

"कोन हाय गं?"

"मी हाय, आत्याबाई."

"तू हिकडं कवा आलीस?"

"मी तिकडं न्हाई आली. मी माझ्याच घरात हाय."

"मंग मला हितं कशी दिसतीस?"

मी पहार मागं लपवली.

संध्याकाळी सुनीता आली. धबधब्याच्या बरोब्बर मधल्या तीन फरश्या खाली पडलेल्या. पाणी वरून निघायचं आणि थेट माझ्या घरात यायचं! मला वाटलं, आता ही गाव गोळा करणार. तिनं पिशवी खाली ठेवली, भोकातून माझ्याकडं बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली,

"आक्का, सांगितलं आस्तं तर मी दार उघडलं आस्तं की!"

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. चांगुलपणातही हिनं माझ्या पुढं जावं, ह्याला काय म्हणायचं?

मग आत्याबाईंनी दोन्ही घरं बघून निकाल दिला. "गवरी सुनीताकडं बसत्याल. त्या भोकाम्होरं. न्हाईतर आल्यागेल्याला भोकच दिसंल."

म्हणजे गौरी तिकडं नेल्या त्या मीच!

पूजेच्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिकडं जायचं नाही असं ठरवलं, आणि गेले नाही. नैवेद्याच्या पुरणपोळ्या तेवढ्या माझ्या चुलीपाशी लाटत बसले. (नथ घातली होती. मनाचा काय भरवसा?) सुनीतानं भोकावर हिरवं लुगडं टांगलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गौर. दिवेलागणीला बायका आल्या. बांगड्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "आगं बाय, औंदा काय देखणं दिसतंय!"

औंदा! म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडं काय दिसत होतं?

मला राहवेना. मी भोकाला तोंड लावलं आणि लुगड्याची कड बोटभर बाजूला केली. तेवढ्यानं दिसेना, म्हणून अजून जरा.

समोर गंगूमावशी उभी होती. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसलं काय, तर पिठानं पांढरंफेक झालेलं तोंड आणि नाकात नथ.

"सुनीते, ह्या साली तीन गवरी आनल्या व्हय गं?"

"न्हाई वो मावशी, दोनच की," सुनीता लांबून, बायकांना ताटं देत म्हणाली.

"मंग ही मधली?"

मी हलले नाही. हलले असते तर सगळ्यांना कळलं असतं. मावशीचा हात पुढं आला. माझ्या कपाळाला हळद लागली, कुंकू लागलं, डोक्यावर अक्षता पडल्या. मी पापणीसुद्धा लववली नाही. मावशीनं हात जोडून नातवाच्या नोकरीचं साकडं घातलं, तेही मी ऐकून घेतलं. मग तिनं नैवेद्याच्या ताटातली करंजी उचलली आणि माझ्या ओठांना लावली.

मी सकाळपासून उपाशी होते. करंजी सुनीतानं केलेली. तिची करंजी कशी असते, हे मला कितीतरी वर्षं जाणून घ्यायचं होतं.

मी खाल्ली.

"गवर जेवली!" मावशी ओरडली. "आगं या गं! गवर जेवली!"

सगळं गाव समोर गोळा झालं. ज्या मला चार बायकांत बोलता येत नाही, त्या माझ्यापुढं चाळीस बायका हात जोडून उभ्या! सुनीतानं पुढं येऊन लुगडं बाजूला केलं. मी तोंड भरलेल्या अवस्थेत सगळ्यांना दिसले.

मग सुनीता हसू दाबत म्हणाली, "आक्का, करंजी कशी झालीया?"

साक्षात गौरीच्या जागेवरून, कपाळाला देवीचं कुंकू घेऊन, मी सगळ्या गावासमोर जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"सारन जरा कमी हाय."

ते खोटं होतं. सारण अगदी काठोकाठ होतं. फरश्यांचं दुःख मी आता विसरले, पण ती करंजी काही केल्या गळ्याखाली उतरत नाही.