लंबूचं आजोळ

टेलरबाईचा नवरा अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. एका दुपारी छातीत कळ आली आणि कारखान्यातच संपला. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. वाढला अनाथाश्रमात. नातेवाइकांचं कुणी विचारलं की हसायचा, "मी आभाळातून पडलो, पडताना ताणला गेलो!"

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. लेक अकरा वर्षांची झाली आणि उंचीनं आईच्या कानापर्यंत पोचली. तिच्या झग्याची दुमड उसवता उसवता टेलरबाई म्हणाली, "बापावर गेलीस गं."

"आणि बाबा कुणावर गेले होते?"

टेलरबाईचे हात थांबले. खरंच, कुणावर?

पुढच्याच सुट्टीला ती अनाथाश्रमात गेली. कारकून म्हणाला, "बाई, गेलेल्या माणसाचं कूळ शोधून काय मिळणार?"

"मला काही नको. त्याच्या लेकीला हवंय."

तीन खेपा झाल्या, तेव्हा कुठे जुन्या वहीत एक ओळ सापडली. मुलगा, वय दोन, आई वारली, आणणारी मावशी, धुलाईघरात कामाला.

धुलाईघर अजून चालू होतं. तिथल्या इस्त्रीवाल्या म्हातारीला मावशी चांगली आठवत होती. "गुडघे गेलेत तिचे, घरीच असते. कालव्यापलीकडे, तिसरा मजला."

टेलरबाई लेकीला घेऊन तिथे गेली. दार उघडणारी बाई सत्तरीची होती. कोण, कुठून, हे ऐकताना तिची नजर पोरीवरून हलेना. "हा माझ्या बापाचा बांधा," ती म्हणाली. मग मागे जिन्यात डोकावली. "आणि तो कुठाय?"

टेलरबाईला कसंबसं सांगता आलं. मावशीनं पोरीचा हात धरून तिला आत नेलं.

"सहा महिन्यांसाठी ठेवला होता हो. आणायला गेले तर म्हणाले, सही दिलीत, आता मूल तुमचं नाही. वर्षभर फाटकाशी उभी राहायचे. मग तो अंगणात दिसेनासा झाला. वाटलं, कुणीतरी दत्तक घेतला, सुखात असेल. त्यावरच दिवस काढले."

"मोठ्या मुलांच्या इमारतीत नेलं होतं त्यांना," टेलरबाई म्हणाली. "मागच्याच गल्लीत."

मग लेकीनं हळूच वही काढली आणि मावशी सांगू लागली. लंबूचे आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, दारातून वाकून यायचे. आजी सुईण, जिभेनं तिखट. पणजोबा विहिरी खोदायचे.

मध्येच तिनं वहीवर हात ठेवला. "पुरे ते म्हाताऱ्यांचं. माझ्या भाच्याचं सांगा. रागवायचा का? गायचा का?"

टेलरबाई संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. नऊ वर्षांत ती त्याच्याविषयी एवढं कधी बोललीच नव्हती.

निघाल्यावर लेक पुढे धावली. टेलरबाई जिना उतरत होती आणि तिच्या ओठांवर आपसूक आलं, "अहो, ऐकलंत का..."

ती कठड्याला धरून थोडा वेळ तिथेच उभी राहिली.